प्रसादच तो!

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींत मिश्र विवाह आता नवलाचे राहिलेले नाहीत. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने कचेरीतील सोय करून दिली. घरातील सोय ज्याची त्याने पाहावयाची असते. ती किती अपुरी पाहिली जाते, हे आम्हांस दिल्लीतील एका घरी दिसून आले. वडील पुण्याचे, सरकारी अधिकारी. आई केरळातील सीरो-मलबार कॅथलिक. नऊ वर्षांचा मुलगा नाताळात आजोळच्या भावंडांमागोमाग वेदीपर्यंत गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. पुरोहिताने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला व त्यास रिकाम्या हाती परत पाठविले.

“मलाच का नाही?” या प्रश्नावर वडील म्हणाले, “अरे, प्रसादच तो! आपण सत्यनारायणाचा करू, त्यात केळीही असतात.” सारे हसले. मुलगा हसला नाही.

आमच्या मते हे उत्तर खोटे आहे, आणि त्यात उदारपणाचा आव आहे म्हणून अधिकच वाईट. प्रसाद वाटण्यासाठीच असतो; दारी आलेल्या परक्यासही तो द्यावयाचा असतो. तो प्रसादच असेल, तर पुरोहिताने मुलाचा अपमान केला असेच ठरते. मुलाने तेच ताडले.

खरी गोष्ट निराळी आहे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे अभिमंत्रित भाकर ही भाकर उरतच नाही. रूप व चव तीच, परंतु तत्त्वतः ती ख्रिस्ताचे शरीर होते. ट्रेंटच्या परिषदेने 1551 साली हे निःसंदिग्ध शब्दांत मांडले. भाकर भाकरच राहते व तिच्यासह ख्रिस्तही खरोखर तेथे असतो, असे लूथरचे मत. झ्विंग्लीला ते केवळ स्मरण वाटे. 1529 साली मारबुर्ग येथे या दोघांचे पंधरांपैकी चौदा कलमांवर जमले, आणि ख्रिस्ताच्या एका वाक्यातील ‘आहे’ या क्रियापदावर मोडले! ज्यासाठी माणसे अशी दुरावली, त्यास केळ्याच्या फोडीशेजारी बसविणे हा समन्वय नव्हे, आळस आहे.

‘एवढ्याशा पोरास हे काय कळणार?’ असे वाचक विचारतील. आमच्या घरचे मूल दुकानातील गणपती व प्राणप्रतिष्ठा झालेला गणपती यांतील भेद चार वर्षांचे असताना जाणते. आजोबांची तसबीर म्हणजे आजोबा नव्हेत, तरी तिला पाय लागता कामा नये, हेही ते जाणते. पहिल्या दाखल्याने कॅथलिक मत जवळ आणता येते, दुसऱ्याने झ्विंग्लीचे. दाखले तंतोतंत नाहीत, हे कबूल. उत्तरपूजेसारखे तिकडे काही नाही. शिवाय 1910 साली दहाव्या पायसने पहिल्या कम्युनियनचे वय सातव्या वर्षाच्या आसपास आणले, ते ही भाकर नेहमीची नव्हे एवढे त्या वयात उमगते म्हणूनच. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च तर बाप्तिस्म्यानंतर तान्ह्या मुलासही देते. समज किती हवी, याविषयी ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. तेव्हा वडिलांनी मुलाच्या समजुतीचा निवाडा इतक्या घाईने करू नये.

आईलाही आम्ही मोकळे सोडीत नाही. “मोठा झालास की कळेल,” म्हणून तीही स्वयंपाकघरात गेली. वस्तुतः सांगण्यासारखी गोष्ट तिच्यापाशीच होती. तिची बहीण चर्च ऑफ साउथ इंडियात, म्हणजे 1947 साली मद्रासला अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये, लग्न करून गेली आहे. तेथील प्रभुभोजनाच्या वेळी ही आई स्वतः बाकावर बसून राहते. तिच्या चर्चचा नियम तिला ते घेऊ देत नाही. कपाळावर कुंकू असो वा गळ्यात क्रूस, ज्या चर्चची जी श्रद्धा, त्याप्रमाणे ती पंगत.

निघताना आम्ही न राहवून मुलास हे सांगितले. त्याने क्षणभर विचार केला.

“म्हणजे मावशीकडे आईपण बसूनच असते?”

“हो.”

“मग पुढच्या वेळी मी तिच्याशेजारी बसतो,” असे म्हणून तो करंजी घेऊन अंगणात पळाला. वडील आम्हांवर अद्याप रुष्ट आहेत.