आधी बाराखडी की आधी शब्द?

मंडळी, नातवंडांच्या वाचनावरून हल्ली घरोघरी दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, "आम्ही पाटीवर बाराखडी घोटली, आमचं काय बिघडलं?" सूनबाई म्हणते, "मामा, आता चित्र बघून अख्खा शब्द ओळखायला शिकवतात." मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

आमच्या निपाणीकडच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात 'क का कि की' म्हणायचा. आवाज पार तंबाखूच्या वखारीपर्यंत जायचा. पण 'कमळ' समोर आलं की काही पोरं क... म... ळ... करून थांबायची. सुटी अक्षरं पाठ, शब्द जुळायचा नाही. मग "ह्याला डोकं नाही" असा शिक्का बसायचा, आणि त्यातली काही चौथीच्या आतच कामाला लागली. डोकं होतं की! अक्षरं जोडायला कुणी शिकवलं नव्हतं.

नुसत्या चित्रावर शिकलेल्या पोराचंही तसंच. चित्रावर हात ठेवून बघा, 'बदक'चा 'बगळा' होतो.

मधली वाट आपल्या जवळच फलटणला सापडते. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथं १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांची रीत अशी, की थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची आणि लगेच त्यातून पोराच्या तोंडातले शब्द करायचे. आता क, म, न, ळ आणि काना एवढंच घेतलं तरी बघा: काका, मामा, नाना, नाक, कान, माळ, कमळ. पहिल्या आठवड्यातच पोरगं घरातल्या माणसांना वाचतं!

आपल्या सीमाभागात हे जास्तच महत्त्वाचं. इथं पोराला देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या शिकाव्या लागतात. २०१५च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड सक्तीचं झालं, तेव्हापासून बऱ्याच घरांत धास्ती आहे. पण कन्नडमधली 'कागुणित' म्हणजे आपली बाराखडीच. ए आणि ओ तिथं ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही असतात, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर बहुधा खाली लिहितात. बाकी काना-मात्रेचं गणित तेच. मराठीत ते पक्कं झालं की कन्नडला नवी वळणं तेवढी शिकायची राहतात.

इंग्रजीचं गणित वेगळं. तिथं एकच 'सी' 'कॅट'मध्ये क होतो आणि 'सिटी'त स. म्हणून तिकडं अख्खे शब्द पाठ करायचे की अक्षरांचे आवाज शिकवायचे, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. अमेरिकेत २००० साली सरकारी अभ्यासगटानं आवाज क्रमानं शिकवण्याच्या बाजूनं कौल दिला. आपल्याकडं लिहिलेलं बहुतेक तसंच बोलतात. 'चाक' आणि 'चहा' यांतल्या 'च'चा फरक पोराच्या जिभेला आधीच ठाऊक असतो.

म्हणून माझं म्हणणं, शाळा कुठल्याही माध्यमाची असू दे, पहिलं वाचन घरच्या भाषेत पक्कं करा. रोज दहा मिनिटं जवळ घेऊन बसा. चित्र झाका, बोट ठेवा, अडलं तर अक्षर जोडून दाखवा. सीमेचा प्रश्न १९५६ पासून लोंबकळत पडलाय. पोराचं वाचायचं वय तेवढं थांबत नाही.