घराची शाळा करूं नका

मुलांस शाळेंतून काढून घरींच शिकवावें, हा विचार अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून पुष्कळ ऐकूं येतो, आणि तो बोलून दाखविणारांचे चेहरे बहुधा एखादा सुधारक पक्ष नुकताच स्थापन केल्यासारखे दिसतात. विचारास आमचा विरोध नाहीं. मुलाचें पहिलें व खरें शिक्षण घरांतच होतें, हें आम्हांसहि मान्य आहे. आमचें भांडण आहे तें त्या विचाराचा जो व्यवहार आम्ही कामशेतीं बसून पाहतों, त्याच्याशीं.

शहरच्या दगदगीस कंटाळून इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यांत घर घेणारीं पुण्यामुंबईचीं कुटुंबें आतां थोडीं नाहींत. हवा उत्तम, डोंगर जवळ, आगगाडी दाराशीं. अशाच एका घरीं आम्हांस चहाचें बोलावणें होतें. सहा वर्षांच्या चिरंजीवांस शाळेच्या जाचांतून मुक्त केल्याचें यजमानांनीं अभिमानानें सांगितलें. त्यांच्या मागें भिंतीवर वेळापत्रक टांगलेलें होतें : साडेआठ ते सव्वानऊ भाषा, नंतर गणित, नंतर पंचवीस मिनिटें निसर्गनिरीक्षण. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता, समोरच्या डोंगरावरून धबधबे सुटले होते, आणि चिरंजीव खिडकीशीं उभे राहून ते मोजीत होते. 'राजा, निसर्ग अकरा वाजतां,' असें म्हणून आईनें त्यास पुन्हा मेजाशीं बसविलें. 'शाळेंतल्या मुलांच्या हा दोन वर्षें पुढें आहे,' वडील म्हणाले. कोणत्या वाटेवर पुढें, आणि जावयाचें कोठें, हें विचारण्याइतका आमचा परिचय नव्हता, म्हणून येथें विचारतों.

या मंडळींनीं मुलास शाळेंतून काढलें. शाळा मात्र आपल्या मनांतून काढली नाहीं. शाळेचे दोष आम्हांस ठाऊक आहेत. गर्दी, घोकंपट्टी, परीक्षेचें भय, सगळें खरें. परंतु शाळेच्या अंगीं एक मोठा गुण आहे, तो असा कीं ती सुटते. घंटा झाली कीं मूल घरीं येतें, आणि गुरुजी रागावले हें सांगावयास त्याला आई असते. आईच गुरुजी होऊन बसली म्हणजे हें गाऱ्हाणें त्यानें कोणाकडे न्यावें?

येथें 'आम्ही' टाकून 'मी' म्हटलें पाहिजे, कारण पुढला अपराध माझा आहे. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें राज्यांतील शाळा बंद झाल्या, आणि ज्यांच्या मनांतहि नव्हतें त्यांच्या घरांत शाळा शिरली. माझी मुलगी तेव्हां सात वर्षांची होती. मोबाइलवर येणारे धडे मला अपुरे वाटले, म्हणून गणित मीं स्वतःकडे घेतलें. (अशा वेळीं आपण शिक्षक व्हावयासच जन्मलों होतों, असें प्रत्येक बापास वाटतें.) दोन महिने गेले. एका सायंकाळीं मी झोपाळ्यावर बसलों असतां ती जवळ आली, मध्येंच थबकली आणि म्हणाली, 'बाबा, आतां तुम्ही गणिताचे बाबा आहांत कीं नेहमींचे?' पुढच्याच आठवड्यांत तांदळाच्या डब्यामागें तिची वही सांपडली. उत्तरें सगळीं बरोबर होतीं. मींच विकत आणलेल्या सरावपुस्तकाच्या शेवटच्या पानांवरून तीं उतरून घेतलेलीं होतीं. सात वर्षांच्या मुलीस बापाशीं लबाडी करावी लागली, ती गुणाकाराच्या भयानें नव्हे, बापाच्या चेहऱ्याच्या भयानें.

जुलैंत शेजारच्या खाचरांत भाताची लावणी सुरू झाली. वाण इंद्रायणी, आमच्याच वडगांवच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं दिलेलें. शेताची मालकीण म्हातारी बाई; मुलगी तिला आजी म्हणते. पहिले दोन दिवस आजीनें तिला कांहींच शिकविलें नाहीं. रोपांच्या जुड्या तिच्या हातीं देत राहिली आणि सुनांशीं बोलत राहिली. तिसऱ्या दिवशीं मुलीनें आपण होऊन चिखलांत एक रोप खोंवलें. तें आडवें झालें. आजीनें तें उपटलें नाहीं, कीं शाबासकीहि दिली नाहीं. आपलें रोप त्याच्या शेजारीं इतक्या सावकाश लावलें कीं, पाहणारास हात दिसावा. आठवडा संपला तेव्हां मुलगी मला विचारीत होती : एका खाचराला इतक्या जुड्या लागल्या, तर आजीच्या सातहि खाचरांना किती? माझ्या मेजावर दोन महिने जो आला नाहीं, तो हाच गुणाकार.

आजी अडाणी म्हणून तिला हें साधलें, असा उफराटा निष्कर्ष कोणी काढूं नये. जाणत्यांची वाटहि हीच आहे. गिजुभाई बधेका हे वकील. पोटच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता वाटूं लागली तेव्हां ते बालशिक्षणाकडे वळले, आणि १९२० सालीं भावनगरास त्यांचें बालमंदिर निघालें. तेथें त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं काम मांडलें. गरिबांचीं मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' ती ही. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. शाळा अंगणांत गेली, कुरणांत गेली, ती तेथल्या जगण्याच्या कलानें घेण्यासाठीं. आमचीं सुशिक्षित घरें नेमकें उलट करीत आहेत : अंगण होतें, तेथें तीं वर्ग भरवीत आहेत.

यावर आक्षेप येईल कीं, ही चैन परवडते कोणाला? आक्षेप अर्धा खरा आहे. शाळा सोडून घरींच शिकविणें ही आज मूठभरांची चैन आहे, आणि तिचा भार बहुधा नोकरी सोडलेल्या आईवर पडतो. वडील तिला 'प्रयोग' म्हणतात, आणि तो पार पाडते ती आई. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ज्यांच्या पिढ्यांनीं शाळेचें दार पाहिलें नाहीं, त्या मावळांतल्या ठाकर-कातकरी वस्त्यांवर जाऊन 'शाळा सोडा' असें सांगणें निर्दयपणाचें होईल. परंतु मुलाशीं नातें राखून, धीरानें शिकविण्यास शाळा सोडावी लागतेच असें कोणीं सांगितलें? सकाळच्या लोकलनें पुण्यास जाऊन रात्रीं परतणाऱ्या बापाजवळहि अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासांत 'आज काय शिकविलें?' म्हणून मुलाचा जबाब घ्यावयाचा, कीं त्याच्याबरोबर भाजी निवडीत बसावयाचें, येवढेंच ठरवावयाचें आहे. दुसरें करणें पुष्कळांस अवघड जातें, कारण त्यांत दाखवावयास कांहीं उरत नाहीं. भाजी निवडल्याचें प्रशस्तिपत्र मिळत नाहीं.

माझी मुलगी आतां शाळेंत जाते. लावणीच्या दिवसांत सुटी मिळाली कीं आजीच्या खाचरांत असते. गणिताची वही ती मला अद्याप दाखवीत नाहीं. मीं ती मागितलेलीहि नाहीं.