क्लिव्हिया फुलत नाही?

"पाने कशी तजेलदार आहेत, पण फूल म्हणून दिसत नाही!" क्लिव्हियाबद्दल बहुतेक भगिनींची हीच तक्रार. दोष असतो आपल्या मायेचा. झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतील रानसावलीतले. १८२८ साली त्याला नाव मिळाले ते प्लासीवाल्या क्लाइव्हच्या नातीवरून. तेवढे सोडले तर झाड गुणी आहे!

हिंगोलीचे वैशाखातले ऊन त्याला सोसत नाही, पाने करपतात. उत्तरेकडची ओसरी उत्तम. मुळे जाड, मांसल. कुंडीत दाटली तरी मोठ्या कुंडीची घाई नको.

खरी मेख थंडीत आहे. कळी धरायला सहा ते आठ आठवडे गारवा आणि कोरड लागते. तेव्हा दिवाळीचा फराळ संपला, थंडी पडू लागली की पाणी जवळजवळ तोडावे, आणि कुंडी रात्रीही ओसरीवरच राहू द्यावी. मार्गशीर्ष-पौषातल्या आपल्याकडच्या रात्री पुढचे काम फुकटात करतात. पानांच्या बेचक्यातून दांडा वीतभर वर आला, म्हणजेच पाणी सुरू करावे. त्याआधी दया आली, तर नारिंगी फुले पानांतच गुदमरतात.

बियांपासून फूल यायला चार-पाच वर्षेही लागतात. त्यापेक्षा शेजारणीकडून फुटवा मागावा. मात्र झाड विषारी आहे. घरात रांगते मूल असेल, तर कुंडी उंचावर ठेवा.