ना भंगार, ना शोभेची वस्तू

ज्या जीपगाडीत बसून एके काळी मामलेदार दुष्काळी कामांची पाहणी करीत आणि वनखात्याचे अधिकारी घाटमाथ्यावरच्या रानवाटा तुडवीत, ती सरकारी लिलावात निघाल्यावर एखाद्या बागाईतदाराच्या, शाळामास्तरांच्या किंवा सेवानिवृत्त कारकुनाच्या अंगणात येऊन दाखल व्हावी आणि घरच्याच माणसांच्या हातून तेल-पाणी घेत आणखी वीस-तीस वर्षे बिनतक्रार चालावी, हे दृश्य महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. ही परंपरा आता कायद्यानेच खुंटली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते व ती मोडीत काढण्यासाठी अधिकृत केंद्राकडे रवाना होतात. त्यांची प्रकृती कशी आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. खाजगी मालकावर अशी सक्ती नाही हे खरे, परंतु पंधरा वर्षांवरील मोटारगाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण-शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारगाड्यांसाठी ते १०,००० रुपये झाले, आणि राज्याचा पर्यावरण कर निराळाच. वय हाच अपराध मानून त्याबद्दल दंड वसूल करण्याची ही रीत मला सर्वथैव अन्यायाची वाटते, आणि ती तशी का वाटते हे सांगण्यासाठी वाचकांस थोडा वेळ गाडीखाली नेणे भाग आहे.

मुंबईत या गाड्यांची जुळणी १९४७ साली सुरू झाली, आणि पुढे महिंद्र कंपनीने अमेरिकन विलीस कंपनीच्या परवान्यावर काढलेला सीजे-३बी हा नमुना, अमेरिकेत त्याचे उत्पादन थांबल्यावरही, आपल्याकडे दीर्घकाळ निघत राहिला. त्याचे ते विलक्षण उंच बॉनेट केवळ डौलासाठी नव्हते. इंजिनातील इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्याने इंजिनाची उंची वाढली आणि त्याला सामावून घेण्यासाठी पत्रा वर उचलावा लागला. जिच्या अवयवांची कारणमीमांसा अशी उघड्या डोळ्यांनी करता येते, ती गाडी घरी दुरुस्त करता येते. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट वीस थाउंवर (थाउ म्हणजे इंचाचा सहस्रांश), प्लग तीस थाउंवर आणि फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन, एवढे ज्याला मुखोद्गत आहे आणि ज्याच्यापाशी फीलर गेज व पान्यांचा एक संच आहे, तो मनुष्य पहाटे बंद पडलेले इंजिन न्याहारीपूर्वी सुरू करू शकतो.

खरी कसोटी लागते ती पुढच्या अॅक्सलपाशी. चाकाला एकाच वेळी फिरवावयाचे आणि वळवावयाचेही असल्याने अॅक्सलच्या दोन्ही टोकांस एक गोल घुमट असतो, त्याच्या पोटात सांधा ग्रीसमध्ये बुडालेला असतो, आणि घुमटाच्या कडेला बसविलेले नमद्याचे व रबराचे सील बाहेरचा चिखल आत येऊ देत नाही. चार महिने कोकणातला किंवा मावळातला पाऊस अंगावर घेतलेल्या जीपचे हे सील दिवाळीच्या सुमारास तपासले नाही, तर पाणी आत शिरते, ग्रीसचा दुधी रंगाचा चिखल होतो आणि बेअरिंगे गंजू लागतात. चाक ज्यावर वळते त्या किंगपिनची बेअरिंगे सैल झाली, की एका ठराविक वेगाला, बहुधा रस्त्यावरचा लहानसा खड्डा निमित्त होऊन, स्टिअरिंग असे थरथरू लागते, की नवखा मनुष्य भीतीने गाडी विकावयास काढील. त्यावरचा उपाय मात्र टोपणाखालच्या कागदासारख्या पातळ चकत्यांपैकी एखाद-दुसरी कमी करण्यात आणि घुमट वळविण्यास किती ओढ लागते हे स्प्रिंगच्या काट्याने मोजण्यात असतो. या कामास विद्वत्ता लागत नाही. लागतो तो सुट्टीचा दिवस आणि कळकट कपडे.

गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्यामधले सील झिजले, की एकातले तेल दुसऱ्यात गुपचूप स्थलांतर करते, म्हणून दोन्हींची पातळी निरनिराळी पाहावी लागते. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबून ड्रम वाळवावे लागतात. डांबरी सडकेवर पुढची चाके जोडून गाडी हाकल्यास वळणावर पुढच्या व मागच्या चाकांचे अंतर जुळत नाही आणि सारी यंत्रणा पीळ भरल्यासारखी अडते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात एखादी बुश शोधत हिंडणारा मालक हे सारे जाणतो, आणि म्हणूनच आपल्या ब्रेकची अवस्था काय आहे हे नव्या गाडीच्या पुष्कळशा मालकांपेक्षा त्यास अधिक अचूक ठाऊक असते.

आता आक्षेप. ही इंजिने आधुनिक निकषांपूर्वीची आहेत, त्यांच्या धुरावर शुद्धीकरणाची कोणतीही सोय नाही, आणि दर किलोमीटरमागे ती नव्या इंजिनापेक्षा हवा अधिक दूषित करतात, हे मान्य केलेच पाहिजे. शहरात रोज कचेरीस जाण्यासाठी अशी गाडी वापरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. परंतु जी गाडी आठवड्यातून एकदा शेतावर जाते आणि जिचे वर्षाचे धावणे एखाद्या टॅक्सीच्या महिन्याभराच्या धावण्याइतकेही नसते, तिच्यावर केवळ जन्मसाल पाहून कर बसविणे म्हणजे धुराचा नव्हे, पंचांगाचा हिशेब करणे होय.

या छंदातल्या एका वर्गाबद्दल मात्र मला काडीचेही ममत्व नाही. राक्षसी टायर, कर्कश भोंगे आणि छतावर दिव्यांची आरास लावून गावातून मिरविणारे स्वतःला जीपचे भक्त म्हणवितात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने असे मनमानी फेरबदल निषिद्ध ठरविले आहेत आणि ते योग्यच आहे. झिजलेला भाग तसाच नवा घालणारा आणि गाडीचे मूळ रूपच मोडणारा हे दोघे आरटीओच्या दप्तरात एका रकान्यात येता कामा नयेत.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी विशेष नोंदणीची सवलत दिली आहे. पण तिच्या अटींप्रमाणे गाडी नित्याच्या वापरात आणावयाची नाही; ती प्रदर्शनात वा जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यावी आणि पुन्हा झाकून ठेवावी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने म्हातारी गाडी एक तर भंगार, नाही तर शोभेची वस्तू. अंगमेहनत करणाऱ्या म्हाताऱ्या गाडीस त्याच्या वहीत जागा नाही.

ती जागा करून देणे अवघड नाही. शुल्क वयावर न ठेवता धावण्यावर ठेवावे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी जी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारगाड्याही आहेत. तेव्हा जुन्या नमुन्यांच्या कार्यशाळा-पुस्तिका वाजवी किमतीस उपलब्ध ठेवण्याचे बंधन कारखानदारांवर घालावे. आणि तपासनीसाने सनद पाहण्यापूर्वी गाडी पाहावी: ब्रेक यंत्रावर चढवून मोजावेत, चासीचा गंज हातोडीने ठोकून पाहावा, पुढचे चाक दोन्ही हातांनी हलवून किंगपिनचा खेळ अजमावावा, धूर तपासावा. जी गाडी यांत नापास होईल ती दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर येऊ देऊ नये, मग ती पाच वर्षांची का असेना. आणि जी उत्तीर्ण होईल तिच्या कागदावर, इतर गाड्यांना पडते त्याच दराने शुल्क घेऊन, पाच वर्षांच्या मुदतीचा शेरा मारावा.