आरोग्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याआधी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय आपल्या नगरपरिषदेचा नाही, थेट उत्तर ध्रुवाकडचा आहे. पण फिरून आपल्याच दारात येतो, म्हणून इथे लिहितोय.

मला शाळेत विज्ञान शिकवणारे सर आणि काकू मार्चअखेर स्वालबार्डला निघालेत. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रातली ही बेटं. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने आईवडिलांसाठी सहल ठरवली: लाँगयरब्यन गावातून गाइडबरोबर स्नोमोबाइलवर निघायचं, बेटाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत. कागदपत्रं बघायला सरांनी मला बोलावलं. पत्रकाराला सगळं कळतं असा आपल्या गावात एक गैरसमज आहे. गेलो, आणि दोन रात्री बसून तिथले नियम वाचून काढले. हे सगळं सरांच्या परवानगीने लिहितोय. नाव देत नाही. ओळखणारे ओळखतीलच, त्यांनी कमेंटमध्ये मिरवू नये.

गेलो तेव्हा हॉलमध्ये दुकान मांडलेलं होतं. दोन जाड जॅकेटं, तीन प्रकारचे हातमोजे, माकडटोप्या, गॉगल, सेल्फी स्टिक. एका कोपऱ्यात काकूंची शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे ठेपले. त्यातला खाऊ सोडला तर निम्मं सामान घरीच राहिलं तरी चालेल असं मी म्हणालो आणि काकूंचा चेहरा पडला. तिथे अशा सहलीत वरचा जाड सूट, बूट, हेल्मेट, मोठे हातमोजे, तोंडावर घ्यायचं कापड हे कंपनीच देते. आपण न्यायचं ते आतलं. अंगालगत लोकरीचं, त्यावर आणखी एक लोकरीचं किंवा फ्लीसचं. सुती बनियन अजिबात नको. सूट चढवताना, यंत्र वळवताना घाम येतो, तो सुती कपडा धरून ठेवतो आणि मग तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सरांना म्हटलं, बाष्पीभवनाचा धडा तुम्हीच शिकवलात. हसले. मोज्यांचंही तसंच. जाड मोज्यांचे दोन जोड कोंबून बूट घट्ट झाला, तर रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. काकूंनी कानातलं काढून ठेवावं, हेल्मेटखाली थंड धातू कातडीला लागतो. मंगळसूत्र कपड्यांच्या आत राहील, राहू दे.

मार्च-एप्रिलमध्ये तिथे उणे १० ते उणे २० ही नेहमीची गोष्ट. पण गाडीवरचं वारं वेगळं. उणे २० असताना ताशी ५० किलोमीटरने गेलात, तर उघड्या कातडीला उणे ३५ सारखं लागतं. आणि रस्ता म्हणाल तर जाऊन-येऊन दीड-दोनशे किलोमीटर. तिकडचे लोक या यंत्राला स्कूटरच म्हणतात. ते ऐकून सर खुश झाले होते, कारण त्यांनी पंचवीस वर्षं बजाज चालवली. इथे मात्र गिअर नाही, उजव्या अंगठ्याखालचा खटका दाबला की ती पळते. उतारावर तिरकं जाताना चढाच्या बाजूला अंग झोकावं लागतं, नाहीतर कलंडते. तेव्हा बजाजचा अनुभव विसरूनच बसलेलं बरं.

व्हिसाचा घोळ थोडक्यात सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, पण शेंगेनच्या बाहेर. म्हणजे ऑस्लोहून तिकडे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत येताना पुन्हा आत शिरलात. आपल्या पासपोर्टवाल्याला किमान दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. सरांच्या एजंटाने अर्जात एकच प्रवेश टाकला होता. विचारलं तर म्हणाला, ‘नॉर्वेच आहे ना ते?’ दुरुस्त करून घेतलं.

आता मुद्द्यावर येतो. एजंटाने सहल कंपनीचे फॉर्म भरून आणले होते, सरांनी फक्त सही करायची. एका पानावर आरोग्याचे प्रश्न. मधुमेह आहे का, हृदयविकार, पाठीचं दुखणं, गुडघे, चालू औषधं. सगळीकडे ‘नाही’. सरांना दहा वर्षांपासून साखर आहे आणि सहा महिन्यांपासून इन्सुलिन सुरू आहे. कमरेची एक गादी सरकलेली आहे. इन्सुलिनचं मुलाला अजून सांगितलेलंच नाही. मी पान पुढे केलं तर म्हणाले, “अरे, एजंट म्हणतो ते कुणी वाचत नाही. उगाच लिहिलं तर नेणार नाहीत. मुलाने एवढे पैसे भरलेत.”

दुसऱ्या पानावर लायसन्स. स्वालबार्डमध्ये स्नोमोबाइल चालवायला कारचं किंवा मोटरसायकलचं वैध लायसन्स लागतं. फॉर्मवर दोघांच्याही नावापुढे ‘चालक’ लिहिलेलं. काकूंकडे लायसन्स आहे, खरं आहे. कसं आहे ते विचारू नका. काकू स्वतःच म्हणाल्या, “मी त्या गाडीच्या स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. फोटो काढायला गेले होते फक्त.”

तुम्ही हसलात. मीही हसलो. घरी येताना मात्र हसू राहिलं नाही.

तिथला गाइड ते लायसन्स हातात घेतो आणि समजतो की या बाईंना गाडी चालवता येते. आरोग्याचा फॉर्म वाचतो आणि समजतो की हा माणूस ठणठणीत आहे. त्यावरून तो ठरवतो कुणाला कुठे बसवायचं, कुठल्या वाटेने न्यायचं, किती वेळ थांबायचं. आपल्याकडे कागद म्हणजे फाइल पुरी करायची वस्तू. तिथे त्या कागदाच्या भरवशावर माणसं बर्फात जातात.

बर्फात म्हणजे कुठे, तेही बघा. लाँगयरब्यन ७८ अंश उत्तरेला, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गाव सोडलं की थोड्याच अंतरावर मोबाइलची रेंज जाते. गाइडकडे सॅटेलाइट फोन असतो, आणि अस्वलांसाठी रायफल आणि आवाजाचं पिस्तूल. पांढऱ्या अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, हा २०२५ पासूनचा कायदा आहे. म्हणजे अस्वल दिसलं तर जवळ जायचं नाही, मागे फिरायचं. गावातलं हॉस्पिटल छोटं, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवतात, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरवर. हवा खराब असेल तर हेलिकॉप्टरही उडत नाही.

अशा ठिकाणी सरांची साखर उतरली तर? थंडीत थरथर आणि गोंधळ दोन्ही होतात, साखर उतरल्यावरही तेच होतं. गाइडला माहीतच नसेल की या माणसाला मधुमेह आहे, तर तो अंगावर आणखी एक ब्लँकेट टाकेल, तोंडात साखर घालणार नाही. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते बॅगेत नाही, अंगालगतच्या खिशात ठेवायचं. साखर मोजायचं यंत्रही गारठ्यात दगा देतं. हे सगळं सांभाळता येतं. मधुमेह असलेली माणसं अशा सहली करतातच. पण ते त्या गटातल्या निदान एकाला तरी माहीत हवं, आणि तो एक म्हणजे गाइड.

आणि प्रश्न एकट्या सरांचा नाही. त्या दिवशी गटात आठ-दहा माणसं असतील. एक जण आडवा झाला की सगळे तिथेच थांबणार, उणे २० मध्ये, एका रायफलीच्या भरवशावर. कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी म्हातारा बाप त्यात असेल. त्यांनी तर खरे फॉर्म भरलेले असतील.

मी पंधरा-सोळा वर्षं दर पावसाळ्यात धबधब्याच्या बातम्या लिहितोय. पोलिसांनी दोरी बांधली की तिच्याखालून वाकून जाणारे, जीवरक्षकाला ‘तुम्हाला काय त्रास’ म्हणणारे. बातमीच्या शेवटच्या ओळीत ‘सूचनांकडे दुर्लक्ष’ हे दोन शब्द मी इतक्यांदा टाइप केलेत की बोटं आपोआप चालतात. पण त्या ओळीची सुरुवात दोरीपाशी होत नाही असं मला आता वाटायला लागलंय. ती घरातल्या टेबलावर होते, फॉर्म भरताना. सरांसारखा माणूस, ज्यांनी आम्हाला प्रयोगवहीत निरीक्षण बदललं म्हणून छडी मारली होती, तेही ‘कुणी वाचत नाही’ म्हणतात तेव्हा एजंटाला काय बोलायचं?

काही जण म्हणतील, कंपन्या नाकारतात म्हणून लोक खोटं लिहितात. त्यात तथ्य आहे. नाकारण्याची भीती असते, पैसे परत न मिळण्याची तर जास्तच. म्हणून फॉर्म बुकिंगच्या आधी मागून घ्या, नंतर नाही, आणि अटी वाचा. आणि गाइड वाटेतून मागे फिरवू शकतो हेही घरूनच मनाशी धरून निघा. हवा बिघडली, समुद्रावरचा बर्फ पातळ वाटला, अस्वल वाटेत आलं, तर पूर्व किनारा दिसणार नाही. तिथे ‘आम्ही पैसे भरलेत’ म्हणून हुज्जत घालू नका. पैसे त्याच निर्णयाचे भरलेले असतात. आदल्या रात्री पिऊन सकाळी चालवायला बसाल तर तेही जमणार नाही, दारूची मर्यादा तिथे आपल्यापेक्षा कडक आहे, रक्तात ०.०२ टक्के.

जाता जाता एक. हा प्रदेश आपल्याला इतका परका नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश काळातला भारत आहे, आणि तिथल्या नी-ऑलेसुंडला २००८ पासून आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. गावात अनेक ठिकाणी आत जाताना चपला-बूट बाहेर काढायची पद्धत आहे, खाणकामगारांच्या कोळशाने माखलेल्या बुटांमुळे पडलेली. काकूंना हे फार आवडलं. तेवढ्यावर त्यांनी ते गाव आपलंसं करून टाकलं.

तर झालं असं. परवा रात्री सरांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि इन्सुलिनचं सांगितलं. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत बराच वेळ कुणी बोललं नाही, मग काकूंचा आवाज आला. नंतर नवा फॉर्म भरला, सगळं खरं लिहून. काकूंच्या नावापुढचं ‘चालक’ खोडून ‘मागे बसणार’ केलं. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं: डॉक्टरांचं पत्र आणा, औषधं दोघांकडे वाटून ठेवा, निघण्याआधी गाइडशी बोला. कमरेमुळे पूर्व किनाऱ्याची लांब सहल मात्र नको, तीन तासांची जवळची घ्या, आणि सरांनी मुलाच्या मागे बसावं.

सर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. आज सकाळी फोन आला, “लोकरीची बनियन कुठे मिळते रे?”