तीस टक्क्यांचा न्याय

सरकार गरीब भाडेकरूला मदत करते म्हणजे नेमके काय करते, हे जाणायचे असेल तर घोषणा वाचून भागत नाही; हिशेबाचे सूत्र तपासावे लागते. अमेरिकेतील 'सेक्शन आठ' ही योजना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यात १९७४ साली केलेल्या या तरतुदीखाली तिथले संघ सरकार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना खाजगी घराच्या भाड्यासाठी साहाय्य देते. सरकारने घरे बांधण्याच्या भानगडीत पडू नये, गरिबाच्या हाती कुपन द्यावे, बाकीचे बाजार पाहून घेईल, असे सांगणारे अर्थपंडित या योजनेचे गोडवे गातात.

हिशेब वरकरणी सरळ आहे. कुटुंबाच्या उत्पन्नातून मुले, वार्धक्य, अपंगत्व यांपोटी ठरावीक वजावट करायची. उरलेल्या उत्पन्नाच्या साधारणतः ३० टक्के रक्कम भाडेकरूने भरायची. वरचे भाडे सरकारने घरमालकाला द्यायचे. मात्र सरकारी वाट्याला कमाल मर्यादा आहे. अलीकडे भाड्याने गेलेल्या सर्वसाधारण घरांपैकी ४० टक्के घरे ज्या भाड्याच्या आत मिळतात, ते 'रास्त बाजारभाडे' मानले जाते, आणि सामान्यतः त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान स्थानिक यंत्रणा आपली मर्यादा ठरवते.

समजा, एखाद्या कुटुंबाचे हिशेबी उत्पन्न महिना १,००० डॉलर आहे, मर्यादा १,४०० डॉलर आहे आणि मिळालेल्या घराचे भाडे १,५०० डॉलर आहे. सरकार १,१०० डॉलर देईल. भाडेकरूवर ३०० नव्हे, ४०० डॉलरचा बोजा पडेल. म्हणजे बाजाराने भाडे चढवले की ३० टक्क्यांचे आश्वासन तिथेच संपते. शिवाय पुढे घरातल्या कोणी १०० डॉलर अधिक कमावले, तर फेरहिशेबात त्यांतले सुमारे ३० डॉलर भाड्यात जातात. श्रीमंतांवर असा कर बसवला असता तर उद्यमशीलता मारली गेल्याचा आक्रोश झाला असता!

आणि हे ३० टक्के आले कोठून? १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सार्वजनिक घरांतील रहिवाशांच्या भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत, खर्चकपातीच्या लाटेत हा आकडा ३० वर नेण्यात आला. त्या वर्षी गरिबांची भूक कमी झाली होती काय? त्यांच्या मुलांना औषधे लागेनाशी झाली होती काय? बदलली होती ती फक्त तिजोरीची मर्जी. अंदाजपत्रकातील काटछाट पुढे शास्त्रीय मापदंड म्हणून मिरवू लागली.

समर्थक म्हणतील, प्रमाण सर्वांना सारखेच आहे. पण सारखे प्रमाण म्हणजे सारखा भार नव्हे. महिना ५,००० डॉलर मिळवणारा ३० टक्के देतो तेव्हा त्याच्यापाशी ३,५०० उरतात. १,००० मिळवणाऱ्यापाशी ७०० उरतात. अन्न, कपडे, औषधपाणी दोघांनाही लागते. म्हणूनच मायकेल स्टोन या अभ्यासकाने १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात आग्रह धरला, की भाडे किती गेले हे न पाहता भाडे दिल्यावर जगण्यापुरते काय उरले, हे पाहावे.

याहून मोठा अन्याय सूत्राबाहेर आहे. अमेरिकेत पात्र कुटुंबांपैकी सुमारे चौघांत एकालाच संघ सरकारचे भाडेसाहाय्य मिळते, कारण ते हक्क म्हणून दिले जात नाही. तरतूद संपली की रांग सुरू होते. उलट गृहकर्जाच्या व्याजावरील करसवलत मात्र अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक घरमालकाला हक्काने मिळते. २०१७ च्या कायद्याने खाली आणलेली मर्यादाही साडेसात लाख डॉलरच्या कर्जाची आहे. तिथे रांग नाही.

हे सारे परदेशातले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर मिळणारी सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेवर ठरते. त्यांतली एक म्हणजे पगाराच्या १० टक्क्यांहून अधिक भरलेले भाडे. पगारदाराने दहावा हिस्सा सोसावा, वरच्या भाड्याची कायदा दखल घेईल, असे हे तत्त्व. ज्याचा पगार मोठा, भाडे मोठे आणि कराचा दर चढा, त्याचा लाभही मोठा. पण पगारपत्रकच नसलेली मोलकरीण किंवा नाक्यावरचा बिगारी या हिशेबात कोठेच नाही. त्यांच्या खोलीचे भाडे हे भाडे नव्हे काय?

तेव्हा उद्या कोणी भाड्याच्या कुपनाचे गाजर दाखवू लागले, तर समाजवादी कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न खडसावून विचारावेत. हे साहाय्य हक्क आहे की सोडत? भाडे दिल्यावर कुटुंबाच्या हाती किती उरावे, हे आधी ठरवले आहे काय? आणि भाड्यावर नियंत्रण व सार्वजनिक भाडेघरांची उभारणी यांशिवाय हा पैसा भाडेकरूच्या हातून थेट घरमालकाच्या खिशात जाणार नाही, याची हमी कोणती? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत टक्केवारीच्या दयेवर समाधान मानणे म्हणजे निवाऱ्याचा हक्क स्वहस्ते सोडून देणे होय.