ईस्टर झाला, दार उघडले का?



रविवारी, ५ एप्रिलला, पहाटे साडेपाचला आम्ही नेहमीप्रमाणे कबरस्तानात होतो. बडोद्यात एप्रिल महिन्यात गारवा म्हणजे काय तो पहाटेचा तासभर. आदल्या संध्याकाळी कबरी झाडून, चुना मारून झाल्या होत्या. खंडेराव मार्केटमधून आणलेली झेंडू-गुलाबाची फुले ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या उशाशी ठेवली. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, पुन्हा पेटवल्या जात होत्या. मी आईच्या आणि वडिलांच्या कबरीपाशी उभा होतो. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नगरहून बडोद्याला आले आणि इथलेच झाले.

उपासना आमच्याकडे गुजरातीत होते. ईस्टरच्या पहाटे मात्र एक गीत मराठीत म्हणायचे, असा वडिलांच्या पिढीने घालून दिलेला रिवाज आहे. यंदा ते गीत पाठ असलेले आम्ही सहा-सात जणच उरलो होतो. माझ्या नातवाने ते वहीत गुजराती अक्षरांत लिहून घेतले आहे. त्याचा 'ळ' अगदी खणखणीत होता, गुजरातीतही तो आहेच. 'च' मात्र जिथे तिथे एकाच तऱ्हेचा. तरी तो गात होता. मी दुरुस्ती केली नाही.

मग पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." आम्ही म्हणालो, "खरोखर उठला आहे." हात मिळवले, गळाभेटी झाल्या, फोटो निघाले आणि मंडळी आपापल्या घरी गेली.

मला लिहायचे आहे ते यानंतरचे. घरी गेल्यावर आपण दाराचे काय करतो, याविषयी.

मागच्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता. ऊन असे की भिंतीला हात लागत नव्हता. आमच्याकडे जेवायला आठ माणसे होती. सौ.ने नगरी पद्धतीचा मटणाचा रस्सा केला होता, सोबत ज्वारीच्या भाकरी. साडेअकराच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली: कोणाच्या घरातून वास येतोय, रविवारी तरी इतरांचा विचार करा. नाव कोणाचेच नव्हते. घेण्याची गरजही नव्हती. आमच्या चौदा घरांत असा वास येण्यासारखे घर एकच आहे.

मी उठलो आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. एक्झॉस्ट पंखा बंद केला, कारण तो जिन्याकडे तोंड करून आहे. माझा गोव्याचा मित्र सोरपोतेल घेऊन आला. त्याने डबा दोन पिशव्यांत गुंडाळला होता आणि लिफ्टमध्ये वास राहील म्हणून तीन मजले जिना चढून आला होता. त्याला मेसेजचे माहीतही नव्हते! ही सवय त्याला कुठल्यातरी जुन्या सोसायटीने लावली होती. इस्पितळात नर्स असलेल्या आमच्या मल्याळी भगिनीने आप्पम आणि स्ट्यू आणले होते. जेवणाआधीची प्रार्थना आम्ही हळू आवाजात केली. घामाने निथळत, दबक्या आवाजात जेवलो. प्रभूच्या पुनरुत्थानाची मेजवानी आम्ही चोरून आणलेल्या मालासारखी संपवली.

त्या दिवशी माझ्या मनात जे बसले, ते वर्षभर तिथेच राहिले. वर्षानुवर्षे आमच्याकडून समोरच्या घरी नाताळात केक जायचा, अंडे न घातलेला, त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळा केलेला. गेल्या नाताळात तो गेला नाही. मी सौ.ला म्हणालो, "कशाला? त्यांना आपला वास सोसत नाही." ती काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला पुरेसे कळायला हवे होते.

फेब्रुवारीत उपवासकाळ सुरू झाला तेव्हाची गोष्ट. भस्म बुधवार यंदा १८ फेब्रुवारीला होता. त्याच आठवड्यात रमजानही लागला. संध्याकाळी समोरच्या बा आमच्या दारात आल्या. ऐंशीच्या घरातल्या, जैन, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणाऱ्या. म्हणाल्या, "केम भाई, आ वखते नाताळमां केक ना आवी?" मी काहीतरी कारण सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि मग सांगितले की तो मेसेज त्यांच्या मुलाचा होता. सुनेला दिवस गेले होते, तिला कशाचाच वास सहन होत नव्हता, घरात फोडणीही बंद होती. "तेणे उतावळमां लखी नाख्युं," बा म्हणाल्या. पण तुम्ही एकदा येऊन विचारायचे होते.

खरे आहे, विचारायचे होते. मी दहा महिने विचारले नाही. खिडकी त्यांच्या एका ओळीने बंद झाली असेल. दार मी स्वतः लावले होते.

वाचकहो, सगळे गैरसमज असे सुटतात असे मी म्हणणार नाही. याच शहरात घर भाड्याने घ्यायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना आधी आडनाव आणि मग "नॉनव्हेज तो नहीं ना?" हे ऐकावे लागते. २०२१च्या नोव्हेंबरात रस्त्यावरच्या आम्लेट-मटणाच्या लाऱ्या झाकण्याच्या, हटवण्याच्या गोष्टी बडोद्यासह गुजरातच्या काही शहरांत निघाल्या, ते आपण वर्तमानपत्रात वाचले. ज्याचे पोट त्या लारीवर होते त्याला ही फक्त चर्चा नव्हती. हे सारे असतेच. पण दुसऱ्याने लावलेल्या दाराची तक्रार करताना आपले दार उघडे आहे ना, हे पाहून घ्यावे, एवढेच मला या वर्षाने शिकवले.

योहानाचे शुभवर्तमान काढून विसावा अध्याय पाहा. पहिल्या ईस्टरची संध्याकाळ. शिष्य घरात बसलेले आहेत आणि भीतीमुळे दारे लावून घेतली आहेत. सकाळी मरीया मग्दालियाने येऊन सांगितले आहे, कबर रिकामी असल्याचे त्यांच्यातल्या दोघांनी पळत जाऊन पाहिले आहे. तरी दारे बंद. प्रभू आत येतो, शांती देतो. इथवर आपण सगळे दरवर्षी ऐकतो. माझे लक्ष यंदा पुढच्या मजकुराकडे गेले. आठ दिवसांनी थोमासाठी प्रभू पुन्हा येतो, तेव्हाही योहानाने नोंदवले आहे की दारे बंदच होती. प्रभूला डोळ्यांनी पाहूनही आठवडाभरात त्यांना कडी काढायचे धैर्य झाले नव्हते. थोमाला आपण अविश्वासू म्हणून नावे ठेवतो. बाकीच्या दहा जणांची कडी आपल्या नजरेतून सुटते.

आणखी एक. उठलेला प्रभू आपल्या माणसांना भेटतो तेव्हा किती वेळा जेवणाचा संबंध येतो! अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याच्याबरोबर कित्येक मैल चालले, शास्त्र ऐकले, पण ओळखला तो भाकर मोडताना. यरुशलेमेत तो खायला काही आहे का विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा सगळ्यांसमोर खातो. सरोवराच्या काठी तर तो स्वतः कोळशावर मासे भाजून दमलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो. आपल्या सणातले जेवण ही उपासनेनंतरची चैन नाही. ते उपासनेचेच पुढचे पान आहे. म्हणून ते चोरून जेवणे मला इतके लागले.

यंदा आम्ही काय केले ते सांगतो. मोठे काही नाही. शनिवारी रात्री मी ग्रुपवर लिहिले: उद्या आमचा ईस्टर. दुपारी स्वयंपाकाचा वास येईल, ज्यांना त्रास होईल त्यांनी निःसंकोच मला फोन करावा. संध्याकाळी सहा वाजता खाली पार्किंगमध्ये सगळ्यांनी चहाला यावे. सर्व पदार्थ अंड्याशिवाय, कांदा-लसणाशिवाय.

दुपारी खिडक्या उघड्या ठेवून जेवलो. रस्सा, आप्पम, सोरपोतेल सगळे होते. प्रार्थना नेहमीच्या आवाजात केली. सुनेला (बाळ आता चालायला लागेल) सौ.ने आधीच विचारून घेतले होते. ती हसून म्हणाली, आता काही नाही, काकी.

संध्याकाळच्या चहासाठी सौ.ने मार्झिपानची अंडी केली होती. अंड्याचा पांढरा भाग न घालता, काजूची पूड आणि साखरेचा पाक, म्हणजे खरे तर काजूकतलीच, फक्त आकार वेगळा. बांनी एक हातात घेतले, पाहिले आणि परत ठेवले. आत अंडे नाही हे त्यांना पटले होते, पण आकार अंड्याचा; मनाला चालत नाही. आम्ही ओशाळलो. सौ. वर गेली, उरलेला गोळा मोदकाच्या साच्यात घालून दहा मिनिटांत खाली आली. साचा मागे गणपतीत दांडिया बाजारातल्या मैत्रिणीकडून आणलेला, परत द्यायचा राहिलेला! बांनी दोन खाल्ले. बडोद्यात ईस्टरचे अंडे मोदक होऊन पोटात गेले, तर प्रभूची हरकत असेल असे मला वाटत नाही.

चौदा घरांपैकी सहा घरची माणसे आली. बाकीच्या घरची आली नाहीत. हेही लिहायलाच हवे. पण आलेल्यांपैकी एकाने विचारले, तुमच्या सणाची तारीख दरवर्षी बदलते कशी? मी सांगितले: २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा पाहायची आणि तिच्या नंतरचा रविवार धरायचा. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. यंदा ती पौर्णिमा चैत्री, म्हणजे २ एप्रिलची हनुमान जयंती. त्याच संध्याकाळी आमचा पवित्र गुरुवार होता. तो गृहस्थ म्हणाला, "म्हणजे तुम्हीपण चंद्र बघूनच ठरवता!" मला वाटते, बऱ्याच प्रवचनांनी झाले नसते ते या वाक्याने झाले.

इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे, आपली वेगळी चूल, वेगळे पाणी सोडले नव्हते. टिळकांनी ते चालू दिले. पुढे त्यांचे मन आतून बदलले ते त्यांच्या स्वतःच्या वेळेने. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळते की एकाच घरात दोन चुली असूनही माया आटत नाही. बांनी माझ्या ताटात जेवावे असा माझा हट्ट नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून दार लावू नये आणि मी त्यांच्याकडे पाहून लावू नये, एवढे झाले तरी खूप.

आता आपल्या माणसांशी दोन शब्द. आपण शेजाऱ्यांना नावे ठेवतो, पण आपली आपसातली दारे? फतेहगंजला मेथडिस्ट एकीकडे, सीएनआयवाले एकीकडे, कॅथलिक बंधू आपल्या मिस्साला, मल्याळी आपल्या चर्चला. ईस्टरच्या एकाच सकाळी आपण एकमेकांच्या फाटकावरून स्कूटरने जातो आणि आत डोकावत नाही. ज्यांची मुले कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली, असे कितीतरी वडीलधारे या शहरात ईस्टरला व्हिडिओ कॉल संपला की एकटेच जेवतात. त्यांना हाक मारायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि मुलांना आपापली गीते शिकवा. मराठी असोत, कोंकणी असोत, गुजराती असोत. ती मग हव्या त्या लिपीत लिहून घेऊ देत.

शेजाऱ्यांसाठीही एक गोष्ट. गुड फ्रायडेला पुष्कळजण आम्हाला प्रेमाने "हॅपी गुड फ्रायडे" म्हणतात. तो प्रभूच्या मरणाचा दिवस. आम्ही उपवास करतो, दुपारी बारा ते तीन त्याच्या वधस्तंभावरील सात उद्गारांचे मनन करतो. त्या दिवशी काही म्हणायचेच असेल तर "आज तुमचा दिवस आहे ना" एवढे पुरे. आनंदाची शुभेच्छा रविवारसाठी ठेवा. पण चुकून म्हणालात तरी आम्हाला राग येत नाही. आठवण ठेवलीत, हेच मोठे.

ईस्टर एका दिवसात संपत नाही. पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे यंदा २४ मेपर्यंत, हा आनंदाचा काळ चालतो. येत्या रविवारी पुष्कळ चर्चमध्ये थोमाचा तोच उतारा वाचला जाईल: आठ दिवसांनी, दारे बंद असताना. तो ऐकून घरी आलात की कडीकडे एकदा पाहा. मी त्या न आलेल्या घरांची दारे या आठवड्यात एकेक करून वाजवणार आहे. साचा अजून आमच्याकडेच आहे.

आपला,
फतेहगंज येथील एक वाचक